गोणीचा हिशेब आणि पिकाची भूक

विदर्भातील कोरडवाहू शेतीत जुलै महिन्याचा उत्तरार्ध हा मोठ्या अस्वस्थतेचा काळ असतो. पेरणी आटोपलेली असते, कपाशी वीतभर उंचीची झालेली असते, डवऱ्याचा एखादा फेर पडलेला असतो, आणि आकाशाकडे लागलेली नजर मधूनमधून शेजाऱ्याच्या वावराकडे वळत असते. शेजारची कपाशी आपल्या कपाशीहून जराशी अधिक काळपट हिरवी दिसली, की मनात पाल चुकचुकते. त्याने काय टाकले, किती टाकले, याची चौकशी होते. आणि दुसऱ्या दिवशी कृषी सेवा केंद्रासमोरच्या रांगेत आणखी एक माणूस येऊन उभा राहतो. युरियाची गोणी त्याला परवडते. किंबहुना शेतीसाठी बाजारातून आणाव्या लागणाऱ्या वस्तूंपैकी सहज परवडावी अशी ती बहुधा एकमेव वस्तू आहे. बियाणे महाग, कीटकनाशके महाग, मजुरी महाग; युरिया तेवढा स्वस्त. म्हणून जिथे एका गोणीने भागते तिथे दोन गोण्या पडतात, आणि या दुसऱ्या गोणीची किंमत दुकानातल्या पावतीवर कधीच पूर्ण छापलेली नसते.

नत्राविषयी बोलताना आधी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. नत्र हे पिकाचे अन्न आहे. ते विष नव्हे. पानातील हरितद्रव्य आणि पेशीपेशीतील प्रथिने नत्रावाचून तयार होत नाहीत. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र भरलेला असला, तरी कपाशीला तो जसाच्या तसा घेता येत नाही. समुद्रात राहून तहानलेल्या माणसासारखी तिची अवस्था असते. फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करण्याची रीत दाखवून दिली, आणि जगाच्या शेतीचे चित्र पालटले. स्वतंत्र भारताने १९५१ साली सिंद्री येथे खतांचा मोठा कारखाना सुरू केला, तो उपासमारीच्या भयापोटीच. पुढे १९७० साली सुरत येथील संशोधन केंद्रातून एच-४ हा कापसाचा संकरित वाण बाहेर पडला. जगात व्यापारी लागवडीसाठी आलेला कापसाचा तो पहिला संकरित वाण होय. पूर्वीचे देशी वाण थोडक्यात समाधान मानणारे होते. संकरित वाणांना भूक मोठी. २००२ साली बीटी कापसाला मान्यता मिळाली आणि काही वर्षांतच देशातील बहुतेक कापूसक्षेत्र या वाणांनी व्यापले. खताची मागणी वाढली ती अशा रीतीने, आणि तिच्यात अस्वाभाविक असे काही नव्हते. भूक ओळखण्यात जी चूक होते, तिचाच खरा प्रश्न आहे.

ही चूक कपाशीच्या बाबतीत विशेष सहजतेने होते, याला कपाशीचा स्वभावच कारण आहे. गहू किंवा ज्वारी ठरावीक दिवस वाढते, मग कणसावर येते आणि वाळून जाते. कपाशीचे तसे नाही. मुळात ती अनेक वर्षे जगणारे झुडूप आहे; माणसाने तिला एका हंगामाचे पीक केले. तिच्या एकाच झाडावर एकाच वेळी नवी पाने फुटतात, पात्या लागतात, फुले उमलतात आणि बोंडे भरत असतात. झाडापाशी जे अन्न आहे ते पानांना द्यायचे की बोंडांना, अशी ओढाताण तिच्यात सतत चाललेली असते. ओलावा भरपूर आणि नत्रही भरपूर असले, की झाडाचा कल पानांकडे झुकतो. फांद्या एकमेकींत शिरतात, खालच्या पानांवर ऊन पडेनासे होते, आतली पाती गळतात, तळाची बोंडे दमट हवेत सडतात आणि पीक उशिरा तयार होते. गव्हाला नत्र जास्त झाला तर तो लोळतो, आणि चूक शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर आडवी पडते. कपाशीला नत्र जास्त झाला तर ती अधिकच देखणी दिसते. बांधावरून जाणारा माणूस थांबून कौतुक करतो. वाढलेल्या पानांचा मोबदला मात्र वेचणीच्या वेळी कोणी देत नाही.

या देखणेपणाचे दुसरे गिऱ्हाईक म्हणजे कीड. नत्राने पोसलेले पान कोवळे, रसरशीत असते. तुडतुडे, मावा, पांढरी माशी यांना ते मानवते. दाट वाढलेल्या झाडाच्या आतल्या भागात फवारा पोहोचत नाही, म्हणून फवारण्या वाढतात. उशिरापर्यंत हिरवे राहिलेले पीक गुलाबी बोंडअळीला आणखी एका पिढीचे अन्न पुरवते. २०१५ साली पंजाबात पांढऱ्या माशीने कापसाचे पीक मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त केले. २०१७ साली महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने तेच केले. त्याच २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. या शोकांतिकेची कारणे अनेक होती : विषारी औषधांची मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव, सल्ला देणाऱ्या यंत्रणेची अनुपस्थिती आणि पोटासाठी दिवसभर पंप पाठीवर वाहणारी माणसे. तिचा सारा भार युरियाच्या माथी मारणे हे अन्यायाचे होईल. तरीही त्या वर्षी अनेक ठिकाणी कपाशी माणसाच्या उंचीएवढी आणि दाट वाढली होती, हे विसरता येत नाही. कमरेएवढ्या पिकावर फवारा खाली पडतो. डोक्याएवढ्या पिकावर तो माणसाच्या तोंडावर येतो. खताची मात्रा ठरवणे हा केवळ उत्पन्नाचा प्रश्न नाही, हे सांगण्यासाठी यापेक्षा वेगळा पुरावा शोधण्याची गरज नसावी.

आता टाकलेल्या नत्राचे पुढे काय होते ते पाहू. कृषिशास्त्रज्ञ सांगतात की, शेतात टाकलेल्या नत्रापैकी बहुधा निम्मासुद्धा पिकाच्या वाट्याला येत नाही. कापसाच्या काळ्या जमिनी चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी असतात. त्यांचा सामू पुष्कळदा आठच्या वर असतो. अशा जमिनीवर युरिया नुसता फेकून दिला आणि मातीत मिसळला नाही, तर त्याचे अमोनियात रूपांतर होऊन तो हवेत निघून जातो. उन्हाच्या दिवशी जमीन ओलसर असेल तर ही गळती फारच वेगाने होते. मुसळधार पाऊस झाला तर उरलेला नत्र पाण्याबरोबर खाली झिरपतो किंवा नाल्यावाटे वाहतो. आणि भारी जमिनीत चार दिवस पाणी साचले, तर मातीतील जिवाणू त्याचे वायूत रूपांतर करतात. त्यांतील नायट्रस ऑक्साइड हा वायू तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रभावी समजला जातो. म्हणजे कोरडवाहू शेतकरी ज्या लहरी पावसाने हैराण झाला आहे, त्या लहरीपणात भर घालणारा एक धागा त्याच्याच बांधावरून निघतो. अर्थात मोठ्या शहरांच्या धुराच्या मानाने तो धागा बारीक आहे, हेही खरेच.

या पार्श्वभूमीवर शिफारस काय आहे, हे अंकांत पाहणे बरे. विदर्भातील कोरडवाहू बीटी कपाशीसाठी हेक्टरी ६० किलो नत्र, ३० किलो स्फुरद आणि ३० किलो पालाश ही मात्रा प्रचलित आहे. ओलिताच्या कपाशीसाठी ती साधारणतः दुप्पट धरतात. येथे पहिला घोटाळा होतो तो शब्दांचा. ६० किलो नत्र म्हणजे ६० किलो युरिया नव्हे. १०० किलो युरियात ४६ किलो नत्र असतो. डीएपी या खताच्या १०० किलोंत ४६ किलो स्फुरद असते, पण त्याबरोबर १८ किलो नत्रही येतो. आणि हा नत्र हिशेबात धरायला बहुतेक जण विसरतात. हेक्टरी ३० किलो स्फुरद डीएपीतून द्यायचे तर ६५ किलो डीएपी लागते. त्यातून जवळजवळ १२ किलो नत्र आपसूक मिळतो. उरलेल्या ४८ किलो नत्रासाठी १०५ किलो युरिया पुरतो. एकराचा हिशेब केला तर सुमारे २६ किलो डीएपी, ४२ किलो युरिया आणि पालाशासाठी २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोंची झाली आहे. म्हणजे एका एकराला, साऱ्या हंगामात मिळून, एक गोणीसुद्धा पूर्ण लागत नाही.

आणि प्रत्यक्षात? एकरी दोन गोण्या युरिया आणि एक गोणी डीएपी टाकणारा शेतकरी गावोगाव भेटतो. त्याचा नत्र एकरी ५० किलोंच्या पुढे, म्हणजे हेक्टरी सव्वाशे किलोंच्या घरात जातो. ही मात्रा ओलिताची झाली. त्याचे शेत मात्र कोरडवाहू. पिकाला नत्र मिळतो तो पाण्यात विरघळून मुळांपर्यंत पोहोचला तरच. पाणी नसेल तर खत मातीत पडून राहते, आणि पाणी अतोनात झाले तर वाहून जाते. टेकडीच्या उतारावरची मुरमाड जमीन आणि नदीकाठची पुरुषभर खोल काळी जमीन यांना एकच मात्रा लावणे हे घरातल्या तान्ह्या मुलाला आणि नांगरणाऱ्या बापाला एकाच मापाने भाकरी वाढण्यासारखे आहे.

मात्रा किती, याइतकाच ती केव्हा हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कपाशीच्या रोपाला पहिल्या महिन्यात नत्र थोडाच लागतो. तिची खरी भूक पात्या लागल्यापासून बोंडे भरेपर्यंत असते. म्हणून पेरणीच्या वेळी थोडा, साधारण महिन्याने थोडा आणि जमिनीत ओल असेल तर दोन महिन्यांच्या सुमारास उरलेला, अशी विभागणी सुचवली जाते. कृषी विस्ताराच्या पुस्तिकांत ही गोष्ट पिकाच्या शरीरशास्त्राच्या अंगाने समजावून दिलेली असते. ते योग्यच आहे. परंतु कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने तिचा मोठा फायदा वेगळाच आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. कोरडवाहू शेती हा पावसाशी खेळलेला जुगार आहे. सगळे खत जूनमध्येच विकत घेऊन टाकणारा माणूस पहिल्याच डावात सगळे पैसे लावतो. हप्त्याहप्त्याने खत देणारा माणूस पाऊस आपले पत्ते उघडेपर्यंत थांबतो. जुलैअखेर पाऊस चांगला झाला, झाडे टवटवीत आहेत, तर दुसरा हप्ता द्यावा. ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांची उघाड पडली, तर तिसरा हप्ता दुकानातच राहू द्यावा. न घेतलेल्या गोणीवर व्याज चढत नाही. कर्जाच्या ओझ्याखाली असलेल्या शेतकऱ्याला ही विभागणी म्हणजे एक प्रकारचा विमाच आहे, आणि त्याचा हप्ता कोणाकडे भरावा लागत नाही.

या हप्त्याच्या पद्धतीत एक अडचण आहे, ती झाकून ठेवू नये. प्रत्येक वेळी खत झाडाजवळ देऊन मातीने झाकायचे तर मजूर लागतो. हे काम बहुतेक ठिकाणी बायका करतात. वाकून, ओळीओळीने, घमेले कमरेवर घेऊन. ऐन निंदणाच्या दिवसांत मजूर मिळत नाही, मग वापसा निघून जातो. म्हणून अनेक जण एकदाच भरपूर फेकून मोकळे होतात. हा निव्वळ अडाणीपणा नाही. मजुरी आणि वेळ यांचा तो एक हिशेब आहे. तो चुकीचा आहे असे सांगणाऱ्याने डवऱ्यामागे चालत खत पेरता येईल असे स्वस्त अवजारही त्याच दमात सांगितले पाहिजे.

नत्र कमी पडल्यानेही कपाशी मार खाते, याचीही नोंद येथेच करावी लागेल. बोंडे भरण्याच्या काळात, थंडीची चाहूल लागते तेव्हा, पाने तांबडी पडून वाळू लागतात. शेतकरी याला लाल्या म्हणतो. बोंडांची संख्या जास्त आणि मुळांकडून होणारा पुरवठा अपुरा, अशा वेळी झाड आपल्याच पानांतील नत्र ओढून बोंडांना देते. मॅग्नेशियमची उणीव असेल तर लाली अधिक लवकर चढते. गंमत अशी की, जूनमध्ये दोन गोण्या टाकलेल्या शेतातही ऑक्टोबरात लाल्या दिसतो. भूक लागण्याआधीच ताट वाढले गेले, आणि भूक लागली तेव्हा ते रिकामे होते. अशा वेळी दोन टक्के युरियाची किंवा डीएपीची फवारणी पानांवर केली, तर थोडक्या खतात काम होते. नत्राच्या मात्रेची चर्चा म्हणजे ‘कमी टाका’ एवढाच उपदेश नव्हे, हे यावरून दिसून येईल.

मग मात्रा ठरवायची कशी? याचे पुस्तकी उत्तर म्हणजे माती परीक्षण. शेतात नागमोडी चालत आठदहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यावा, त्याच्या कडेची माती खरवडून एकत्र करावी, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि असे करत अर्धा किलो माती प्रयोगशाळेत पाठवावी. अहवालात सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याहून कमी निघाला तर जमीन नत्राने गरीब समजावी आणि मात्रा सुमारे पाव हिश्शाने वाढवावी; पाऊण टक्क्याहून अधिक निघाला तर तेवढीच घटवावी. रीत सोपी आहे. केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथून मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली, आणि देशभर कोट्यवधी पत्रिका वाटल्या गेल्या. हेतू चांगला होता. परंतु या योजनेत कोरडवाहू भागात दहा हेक्टरांमागे एक नमुना घेण्याची पद्धत ठेवली गेली. दोन एकरांच्या मालकाच्या हाती पडलेला कागद अनेकदा तिसऱ्याच्याच शेतातील मातीचा असतो. ज्या गावात एका बांधाच्या अलीकडे मुरूम आणि पलीकडे काळी माती आहे, तेथे अशा कागदाचा अधिकार किती मानावा? शेतकरी तो घडी करून पेटीत ठेवतो आणि शेजाऱ्याच्या कपाशीकडे पाहतो. त्याला दोष देण्याआधी आपण त्याला दिलेला आरसा कोणाचा चेहरा दाखवतो, हे पाहायला हवे.

दुसऱ्या गोणीचे खरे मूळ मात्र किमतीत आहे. १९७७ पासून केंद्र सरकारने खतांना मोठे अनुदान दिले. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाशयुक्त खतांवरील किंमतनियंत्रण उठवले गेले. युरियावरील नियंत्रण तसेच राहिले. एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानाची पद्धत आली. तिच्यातूनही युरिया वगळला गेला. परिणामी इतर खते महागत गेली आणि युरियाची किंमत जागेवरच राहिली. ४५ किलोंची गोणी शेतकऱ्याला सुमारे २६६ रुपयांना मिळते, म्हणजे नत्राचा एक किलो तेरा रुपयांच्या आत पडतो. डीएपीची ५० किलोंची गोणी १३५० रुपयांची आहे. ज्याच्या खिशात पाचशे रुपये आहेत तो काय उचलील, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. देशाच्या शेतीत नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे प्रमाण ४:२:१ असावे, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. आणि वर्षानुवर्षे सरकारी किंमतपत्रकच ते मोडायला शिकवते. २०१५ पासून सर्व युरिया कडुनिंबाचे लेपण करून विकणे सक्तीचे झाले, त्यामुळे नत्र काहीसा सावकाश सुटतो आणि युरिया कारखान्यांकडे वळवणे अवघड झाले. २०२१ मध्ये द्रवरूप नॅनो युरिया बाजारात आला. त्याच्या उपयुक्ततेविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. असे उपाय कडेकडेने चालतात. मधला प्रश्न किमतीचा आहे, आणि त्याला हात लावण्याचे धाडस कोणत्याही पक्षाच्या सरकारने अद्याप केलेले नाही.

दुसऱ्या टोकाला जाऊन सारे रासायनिक खतच बंद करा, असे म्हणणारेही आहेत. श्रीलंकेने २०२१ साली तसे एका फटक्यात करून पाहिले, आणि उत्पादन घसरू लागल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस निर्णय मागे घेतला. त्यापेक्षा कापसाच्याच इतिहासात डोकावणे अधिक उपयोगाचे ठरेल. इंदूर येथे १९२४ साली कापसाच्या संशोधनासाठी एक संस्था निघाली आणि अल्बर्ट हॉवर्ड हे तिचे संचालक झाले. शेतातील काडीकचरा आणि शेण यांपासून कंपोस्ट करण्याची जी ‘इंदूर पद्धत’ जगभर गाजली, ती याच कापूस संस्थेत घडली. कपाशीच्या टणक पऱ्हाट्या लवकर कुजत नाहीत; म्हणून त्या शेतातल्या वाटेवर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायच्या आणि मग खड्ड्यात टाकायच्या, अशी साधी युक्ती तेथे वापरली जाई. त्याच्याही आधी, १८८३ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगरारानांतून पावसाबरोबर वाहून येणारा सुपीक गाळ शेतातच अडवण्यासाठी ताली-बंधारे घालण्याची सूचना केली होती. खत ही दुकानातून आणण्याची वस्तू नसून शेतातून निसटू न देण्याची वस्तू आहे, ही दृष्टी दोन्हींत आहे.

कापसाच्या बाबतीत तर ती विशेष खरी आहे. शेतकरी ज्या रुईसाठी कापूस पिकवतो, ती जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असते. तिच्यात नत्र नगण्य. नत्र असतो सरकीत, पानांत आणि झाडात. पाने शेतातच गळतात. पऱ्हाट्या चुलीत जातात किंवा बांधावर पेटवल्या जातात, आणि त्यांतील नत्र धुराबरोबर जातो. सरकी जिनिंगमधून तेलघाण्यात आणि तिची पेंड दूरच्या गोठ्यांत जाते. पूर्वी त्या पेंडीचा काही भाग गावातल्या बैलांच्या आणि म्हशींच्या पोटातून शेणाच्या रूपाने त्याच वावरात परतत असे. आता ट्रॅक्टर आला, गोठे ओस पडले, आणि हे वर्तुळ मधेच तुटले. तुटलेल्या जागी युरियाची गोणी येऊन बसली आहे. कपाशीच्या सहा-आठ ओळींनंतर तुरीची ओळ घेण्याची, मधे मूग-उडीद पेरण्याची जुनी चाल नत्राच्या दृष्टीने शहाणपणाची होती. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत हवेतला नत्र फुकट बांधला जातो, आणि तुरीचा पाला जमिनीवर गळतो. कापसाचा भाव चढला की ही ओळ पहिल्यांदा कापली जाते.

हे सारे त्या माणसाला लागू आहे, ज्याची जमीन स्वतःची आहे. गावात दुसराही एक शेतकरी असतो : बटाईने किंवा मक्त्याने वावर कसणारा. सातबाऱ्यावर त्याचे नाव नसते. मातीचा अहवाल निघाला तर तो मालकाच्या नावाने निघतो. पीककर्ज मालकाला मिळते. उद्या युरियाचे अनुदान गोणीऐवजी थेट बँकेच्या खात्यात देण्याचे ठरले, तर जमिनीच्या नोंदीप्रमाणे तेही मालकाकडेच जाईल आणि महागलेली गोणी बटाईदार विकत घेईल. मक्ता बहुधा एका वर्षाचा असतो. शेणखताचा गुण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दिसतो, गाळाचा त्याहून सावकाश. पुढच्या वर्षी जे वावर आपल्याकडे असेल की नाही याची खात्री नाही, त्यात कोण शेणखताची गाडी रिकामी करील? तो असे खत शोधतो जे यंदा टाकले की यंदाच दिसते. रांगेत उभ्या असलेल्या त्या माणसाला “काका, एकच गोणी न्या, एवढ्याने भागते,” असे कोणी सांगितले, तरी त्याने ते ऐकावे यासाठी त्या वावराशी त्याचे नाते एका पावसाळ्याहून लांबीचे असावे लागते.